पुरवठा करणाऱ्याचा गुन्हा

गेल्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. संगणकाच्या एका परदेशी कंपनींत तो अधिकाराच्या जागेवर आहे. बोलतां बोलतां ब्रह्मदेशांतील रोहिंग्या मुसलमानांची गोष्ट निघाली. त्यांच्या कत्तलीस समाजमाध्यमाच्या एका बड्या कंपनीचा हातभार लागला, हा आरोप त्याला मुळींच मान्य नव्हता. जरा चिडूनच तो म्हणाला, "सर, सुरी घडविणाऱ्या लोहारावर कोणी खुनाचा खटला भरतो काय?" मला त्या वेळीं नीटसें उत्तर सुचलें नाहीं. इतिहासाच्या मास्तराला बहुतेक उत्तरें पाहुणा फाटकाबाहेर पडल्यावरच सुचतात. पण लोहारावर खटला भरला गेलेला आहे. तो हँबर्ग शहरांत १ मार्च १९४६ रोजीं सुरू झाला आणि ८ मार्चला संपला. त्याच खटल्याची हकीकत आज प्रामुख्यानें सांगावयाची आहे.

आरोपी तीन होते. मुख्य आरोपी डॉ. ब्रूनो टेश हा रसायनशास्त्रज्ञ होता. त्यानें १९२४ सालीं स्टाबेनो नांवाच्या भागीदारासह हँबर्गमध्यें एक पेढी काढली होती. भागीदार पुढें निघून गेला, तरी पेढीच्या पाटीवर त्याचें नांव राहिलें. दुसरा कार्ल वाइनबाखर, हा पेढीचा मुखत्यार व्यवस्थापक. तिसरा डॉ. योआखिम ड्रोझिन, हा धुरी देण्याच्या कामावरील तज्ज्ञ. पेढीचा धंदा उंदीर, ढेकूण, उवा व धान्यांतील कीड मारण्याचा, साधन 'झायक्लॉन-बी'. हायड्रोसायॅनिक आम्ल सच्छिद्र खड्यांत जिरवून तें पत्र्याच्या डब्यांत बंद करीत. डबा उघडला कीं खड्यांतून विषारी वायु बाहेर पडे. जहाजें, धान्याचीं कोठारें, लष्करी बराकी आणि सैनिकांचे कपडे यांना या वायूची धुरी देत असत.

हा धंदा मुळांत लबाडीचा नव्हता, हें आरंभींच ध्यानांत घेतलें पाहिजे. हायड्रोसायॅनिक वायूची धुरी आपल्या मुंबईलाही परकी नव्हती. अमेरिकेंतील कापसाचीं बोंडें पोखरणारा भुंगा हिंदुस्थानांत शिरूं नये म्हणून १९२५ पासून अमेरिकन कापूस मुंबई बंदरांतूनच, आणि याच वायूची धुरी दिल्यावरच, आंत घेऊं देत. ज्या वायूनें येथें शेतकऱ्याचें पीक राखलें, त्याच वायूनें तिकडे माणसें मारलीं. जर्मनींत या धंद्याचीं पाळेंमुळें फ्रिट्झ हाबर याच्या शास्त्रीय संस्थेपर्यंत पोहोंचतात. टेश हाही त्या संस्थेंत काम केलेला मनुष्य. हाबर हा हवेंतील नत्रापासून अमोनिया तयार करणारा व त्याबद्दल १९१८ सालचें नोबेल पारितोषिक मिळविणारा मोठा शास्त्रज्ञ, आणि जन्मानें ज्यू. हिटलर सत्तेवर येतांच १९३३ मध्यें त्यानें अधिकारपद सोडलें, आणि जानेवारी १९३४ मध्यें स्वित्झर्लंडमधील बाझल येथें तो मरण पावला. आपल्या शिष्यांच्या हातून पुढें काय विकलें जाणार आहे हें पाहण्याचें त्याच्या नशिबीं आलें नाहीं.

या मालाच्या विक्रीचा मुलूख कंपन्यांनीं आपसांत वांटून घेतला होता. एल्ब नदीच्या पूर्वेकडील भाग टेशच्या पेढीकडे होता, आणि ऑश्विट्झ हें पूर्वेस. नकाशावरील या साध्या रेघेमुळें युरोपांतील सर्वांत भयंकर छळछावणी हँबर्गच्या या पेढीची गिऱ्हाईक झाली. सप्टेंबर १९४१ मध्यें तेथें सोव्हिएट युद्धकैदी व आजारी पोलिश कैदी यांच्यावर हा वायु प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरून पाहण्यांत आला. पुढील वर्षापासून युरोपभरच्या ज्यूंना आगगाड्यांत कोंबून तेथें आणूं लागले. ऑश्विट्झमध्यें सुमारे ११ लक्ष माणसें मारलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारे १० लक्ष ज्यू होते.

आतां खटल्याकडे वळूं. न्यायालय ब्रिटिश लष्करी होतें, आणि काम हँबर्गमधील कुरिओहाउस या इमारतींत चालले. फिर्यादी पक्षाचे वकील मेजर ड्रेपर हे पुढें युद्धविषयक कायद्याचे मोठे पंडित म्हणून गाजले. दोषारोप असा कीं, छळछावण्यांत कोंडलेल्या दोस्त राष्ट्रांच्या नागरिकांचा संहार करण्यासाठीं वापरला जाणारा वायु आरोपींनीं, तो तशा कामीं वापरला जात आहे हें पुरतें ठाऊक असतांना, पुरविला. यांतील 'दोस्त राष्ट्रांच्या नागरिकांचा' हे शब्द दृष्टीआड करूं नयेत. त्या न्यायालयाचा अधिकार तेवढ्यापुरताच होता. पोलिश किंवा फ्रेंच ज्यूच्या मृत्यूचा जाब तेथें विचारतां येत होता. बर्लिनच्या ज्यूचा नाहीं. कायद्याचें हात लांब असतात असें म्हणतात, पण ते कोठें आंखूड पडतात हेंही इतिहासानें नोंदवून ठेवावें.

कायदेविषयक सल्लागार अधिकाऱ्यानें सिद्ध करावयाच्या गोष्टी तीनच असल्याचें सांगितलें. दोस्त राष्ट्रांचीं माणसें झायक्लॉन-बीनें मारलीं गेलीं काय? तो वायु या पेढीनें पुरविला काय? आणि तो माणसें मारण्यासाठीं वापरला जाणार हें आरोपींना माहीत होतें काय? पहिल्या दोन गोष्टींविषयीं फारसा वाद उरला नव्हता. सारा खटला तिसऱ्या प्रश्नावर उभा राहिला.

बचावाचें म्हणणें पोकळ नव्हतें. टेशनें शपथेवर सांगितलें कीं, माणसें मारल्याचें आपल्या कानांवर कधींच आलें नाहीं. छावण्यांत हजारों माणसें दाटीवाटीनें राहत. उवांमुळें प्रलापक ज्वराची सांथ पसरे. तेव्हां कपडे व बराकी यांना धुरी देण्यास हा माल लागणारच. आणि खरोखर, तेथें गेलेल्या मालाचा मोठा भाग त्याच कामीं खर्च होत असे. माणसांना मारण्यास हा वायु उवांपेक्षां पुष्कळच कमी लागतो. त्यामुळें केवळ मालाच्या वजनावरून कांहींच सिद्ध होण्यासारखें नव्हतें. १९४४ च्या आरंभीं ऑश्विट्झला दरमहा जवळ जवळ दोन टन माल जात होता, तरीही 'त्यांत काय विशेष?' असें बचावाच्या वकिलांस म्हणतां येत होतें. ही खोंच लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्या वस्तूचा उपयोग चांगलाही होतो, तिच्या आड वाईट उपयोग सुखानें लपून राहतो.

मग पुरावा आला कोठून? तो पेढीच्याच टेबलाखुर्च्यांतून आला. पेढीच्या एका माजी हिशेबनिसानें साक्ष दिली कीं, १९४२ च्या शरदऋतूंत दप्तर चाळतांना टेशच्या एका प्रवासाचें टिपण आपल्या हातीं पडलें. लष्करी अधिकाऱ्यांशीं झालेलें बोलणें त्यांत नोंदलेलें होतें. गोळ्या घालून मारलेल्या ज्यूंचीं प्रेतें पुरणें आरोग्यदृष्ट्या बाधक ठरत आहे, असें अधिकारी म्हणाले; आणि टेशनें त्यावर, उवा मारतात त्याच रीतीनें बंद जागेंत हा वायु सोडण्याचें सुचविलें. हिशेबनिसानें त्यांतील मजकूर उतरून घेतला; पण एका मित्राच्या सल्ल्यावरून भीतीनें तो जाळून टाकला. मूळ टिपण न्यायालयापुढें आलेंच नाहीं. मात्र पेढींतील इतर नोकरांच्या साक्षींतून त्याला आधार मिळाला. माणसांवर या वायूचा उपयोग होणार असल्याचें आपण मालकाच्या तोंडून ऐकलें, असें एका कर्मचारी स्त्रीनें सांगितलें. युद्ध चालू असतांना हीं माणसें गप्प राहिलीं. त्यांना दोष देण्यास माझी जीभ वळत नाहीं; गेस्टापोच्या राज्यांत तोंड उघडण्याची किंमत त्यांना ठाऊक होती. परंतु त्यांची स्मरणशक्ति शाबूत होती, आणि ती उपयोगी पडली.

वाइनबाखरविरुद्ध मात्र असा उघड पुरावा जवळ जवळ नव्हता. येथेंच न्यायालयाचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. टेश वर्षांतून सुमारे दोनशें दिवस प्रवासांत असे. त्या काळांत सारा कारभार वाइनबाखरच्या हातीं असे, आणि मालकाचीं प्रवास-टिपणें वाचण्याचा अधिकारही त्याला होता. दक्ष व्यापारी आपल्या बारीकसारीक व्यवहारावरही डोळा ठेवतो. मग एवढा माल नेणाऱ्या एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाबद्दल त्यानें कधीं विचारच केला नसेल काय, असा प्रश्न न्यायालयापुढें ठेवण्यांत आला. 'मला कोणीं सांगितलें नाहीं' ही सबब त्याच्या जागेवरील माणसाच्या तोंडीं शोभणारी नव्हती.

टेशच्या वकिलानें शेवटीं आणखी एक मुद्दा मांडला. टेशनें नाकारलें असतें तरी एस्. एस्. वाल्यांनीं वायु दुसरीकडून मिळविलाच असता. तेव्हां तो फार तर दुय्यम साथीदार. हा मुद्दा पुढील ऐंशी वर्षांत निरनिराळ्या भाषांत पुन्हा पुन्हा ऐकूं आला आहे. हँबर्गला तो पटला नाहीं. टेश व वाइनबाखर यांना मृत्यूची शिक्षा झाली, आणि १६ मे १९४६ रोजीं हामेल्नच्या तुरुंगांत त्यांना फांशी देण्यांत आलें. ड्रोझिन निर्दोष सुटला. मालाचा पुरवठा करणें किंवा थांबविणें त्याच्या हातीं नव्हतें, म्हणून त्याला काय माहीत होतें हा प्रश्नच गौण ठरला. फांशीच्या शिक्षेविषयीं आज निराळीं मतें आहेत, आणि माझेंही निराळें आहे. पण जबाबदारी कोणाची, हें ठरविण्याची ही रीत मला अजूनही सरळ वाटते. ज्याला माहीत होतें आणि ज्याच्या हातीं होतें, त्याची.

एवढी सरळ रीत पुढें टिकली असें मात्र नाहीं. झायक्लॉन-बीची मूळ मालक 'डेगेश' ही कंपनी, आणि तिच्यांत 'आय्. जी. फार्बेन' या अवाढव्य रासायनिक संघाचा ४२.५ टक्के वाटा होता. न्यूरेंबर्ग येथें १९४७-४८ मध्यें या संघाच्या २३ चालकांचा खटला चालला. कैद्यांना गुलामांसारखें राबविणें व परमुलुखांतील कारखाने लुटणें अशा आरोपांवरून १३ जणांना शिक्षा झाल्या. सर्वांत कडक शिक्षा आठ वर्षांची. वायूच्या बाबतींत मात्र, डेगेशच्या नियामक मंडळावर असलेल्यांना त्याचा उपयोग माहीत होता हें सिद्ध झालें नाहीं, म्हणून ते सुटले. डेगेशचा व्यवस्थापक गेर्हार्ड पेटर्स याला जर्मन न्यायालयानें १९४९ मध्यें पांच वर्षांची शिक्षा दिली, फेरसुनावणींत ती सहा वर्षांची झाली, आणि १९५५ मध्यें त्याला निर्दोष सोडलें. लहान पेढींत मालक स्वतःच प्रवास करतो व स्वतःच टिपण सांगतो. मोठ्या संघांत माहिती जिन्यांवरून वर चढतां चढतां विरून जाते. निदान तशी विरली असें दाखवितां येतें.

आणि कांहीं जण न्यायालयापर्यंत आलेच नाहींत. जर्मनीच्या मध्यभागीं एर्फुर्ट नांवाचें जुनें शहर आहे. तेथें १८७८ सालीं टोफ घराण्यानें भट्ट्यांचा कारखाना काढला. बिअर गाळणाऱ्यांसाठीं जव भाजण्याचीं यंत्रें, धुराडीं, बाष्पपात्रांच्या भट्ट्या हा त्यांचा मुख्य व्यवसाय. प्रेतदहनाच्या भट्ट्यांचा विभाग लहानसा. याच लहान विभागानें बुखेनवाल्ड व ऑश्विट्झ येथील भट्ट्या बांधल्या, आणि ऑश्विट्झच्या विषवायूच्या कोठड्यांस वायुवीजनाची यंत्रणाही पुरविली. कंपनीच्या एकंदर उलाढालींत या कामाचा वाटा सुमारे २ टक्के. म्हणजे हें काम नसतें तर कंपनी बुडाली असती असें नव्हे. कोणीं बंदूक रोखून तें करून घेतलें, असाही पुरावा नाहीं. फ्रिट्झ झांडर या तेथील अभियंत्यानें १९४२ मध्यें अखंड चालणाऱ्या, मोठ्या प्रमाणावर प्रेतें जाळणाऱ्या भट्टीचा आराखडा करून त्याच्या पेटंटासाठीं अर्ज तयार केला. कोणीं न सांगतां केलेलें हें काम! पुढें रशियनांनीं पकडल्यावर तो म्हणाला कीं, विमानें बांधणारा अभियंता युद्धकाळीं जसें आपलें कर्तव्य करतो, तसेंच मीं माझें केलें. कुर्ट प्रूफर या दुसऱ्या अभियंत्यानें, १९४३ च्या वसंतापासून आपल्याला सर्व ठाऊक होतें, अशी कबुली दिली. ठाऊक झाल्यावरही त्याचें काम थांबलें नव्हतें.

या कंपनीचा पत्रव्यवहार बराचसा उपलब्ध आहे, आणि तो वाचतांना अंगावर कांटा येतो तो त्यांतील सभ्यतेमुळें. २ मार्च १९४३ रोजीं ऑश्विट्झच्या बांधकाम कचेरीस लिहिलेलें एक पत्र आहे. कोठडींत हायड्रोसायॅनिक वायु कितपत उरला आहे हें दाखविणारीं उपकरणें छावणीला हवीं होतीं. कंपनी कळविते कीं, आपल्या मागणीप्रमाणें पांच निरनिराळ्या कारखान्यांकडे चौकशी केली. तिघांकडून नकार आला. दोघांच्या उत्तराची वाट पाहत आहों. उत्तर येतांच आपणांस कळवूं. आपल्याकडील कोणत्याही चांगल्या दुकानानें गिऱ्हाइकाला असेंच लिहिलें असतें.

थोरला मालक लुडविग टोफ यानें ३१ मे १९४५ रोजीं आत्महत्या केली. झांडर रशियन कैदेंत लवकरच मेला, प्रूफर १९५२ मध्यें. धाकटा भाऊ एर्न्स्ट वोल्फगांग पश्चिम जर्मनींत गेला. त्याच्याविरुद्धची चौकशी शिक्षेवांचून आटोपली, आणि त्यानें वीस्बाडेनला त्याच नांवानें, त्याच धंद्याची, नवी कंपनी काढली. ती १९६३ मध्यें दिवाळखोरींत गेली. न्यायानें जें केलें नाहीं तें बाजारानें केलें म्हणावें, तर तेंही खरें नाहीं. तिचें दिवाळें साध्या व्यापारी कारणांनीं निघालें. एर्फुर्टच्या जुन्या कचेरींत जानेवारी २०११ पासून स्मारक आहे. आराखडे काढणाऱ्यांच्या खोलीच्या खिडकींतून एटर्सबर्गची टेकडी दिसते. बुखेनवाल्डची छावणी त्याच टेकडीवर होती.

माझ्या विद्यार्थ्याच्या धंद्याला सर्वांत जवळचें उदाहरण मात्र भट्टीचें नव्हे, कागदाचें आहे. 'डेहोमाग' ही आय्. बी. एम्. या अमेरिकन कंपनीची जर्मन शाखा. छिद्रें पाडलेल्या कार्डांवरून मोजदाद करणारीं तिचीं यंत्रें हे आजच्या संगणकाचे पूर्वज. १९३३ मध्यें प्रशियाच्या सुमारे ४ कोटि १० लक्ष लोकांची खानेसुमारी या यंत्रांवर झाली, आणि धर्म हा तींतला एक रकाना होता. मे १९३९ च्या खानेसुमारींत तर आजोबा-आजी ज्यू होते काय, हेंही बंद लखोट्यांतून विचारण्यांत आलें. ज्यूंना घरांतून बाहेर काढण्याच्या याद्यांत या यंत्रांचा वाटा नेमका किती, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. कांहींच्या मतें गांवोगांवच्या हातानें लिहिलेल्या नोंदवह्याच अधिक घातक ठरल्या. आय्. बी. एम्. चे प्रमुख वॉटसन यांनीं १९३७ मध्यें हिटलरच्या सरकारचें पदक स्वीकारलें आणि जून १९४० मध्यें तें परत केलें. या कामाबद्दल कोणावरही फौजदारी खटला झाला नाहीं. पुढें भरलेले दिवाणी दावे कांहीं मागें घेतले गेले, तर जिप्सी लोकांच्या संघटनेचा दावा २००६ मध्यें स्विस न्यायालयानें मुदतबाह्य ठरविला.

याच यंत्रांच्या इतिहासांत एक फ्रेंच माणूस आहे, तो मला विसरतां येत नाहीं. रने कार्मीय हा फ्रान्सच्या सांख्यिकी खात्याचा प्रमुख, छिद्र-कार्डांचा मोठा जाणकार. ज्यूंच्या नोंदींचें काम त्यानें आपल्या खात्यांत मुद्दाम रेंगाळत ठेवलें असें मानतात, आणि तीच यंत्रें गुप्त सैन्यभरतीच्या तयारीस लावलीं. फेब्रुवारी १९४४ मध्यें तो लियाँ येथें पकडला गेला, आणि जानेवारी १९४५ मध्यें डाखाउच्या छावणींत मरण पावला. तेव्हां यंत्रामागील माणसाच्या हातीं कांहींच नसतें, असें निदान त्याच्यापुढें कोणीं म्हणूं नये.

आतां ब्रह्मदेश. तेथील सैन्यानें २५ ऑगस्ट २०१७ पासून रोहिंग्यांवर जी मोहीम चालविली, तिच्यामुळें सात लाखांहून अधिक लोक बांगला देशांत पळाले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या चौकशी मंडळानें २०१८ मध्यें फेसबुकवरील द्वेषप्रचाराचा ठपका ठेवला. मंडळाचे अध्यक्ष मार्झुकी दारुस्मान यांनीं समाजमाध्यमांची भूमिका निर्णायक होती असें म्हटलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, आपल्या माध्यमाचा हिंसा भडकविण्यास उपयोग होऊं नये म्हणून आपण पुरेसें केलें नाहीं, हें कंपनीनेंही मान्य केलें. २०१५ च्या आरंभीं त्या देशांतील आक्षेपार्ह मजकूर पाहणारीं, ब्रह्मी भाषा जाणणारीं, तिच्याकडे दोनच माणसें होतीं, असें पुढें प्रसिद्ध झालें. डिसेंबर २०२१ मध्यें निर्वासितांच्या वतीनें १५० अब्ज डॉलरांहून अधिक भरपाईचा दावा अमेरिकेंत दाखल झाला. तेथील १९९६ च्या कायद्यानें, दुसऱ्यांनीं लिहिलेल्या मजकुराबद्दल अशा कंपन्यांना मोठें संरक्षण दिलें.

दोन्ही गोष्टी एकच आहेत असें मी म्हणत नाहीं. टेशनें विष विकलें. फेसबुकनें फळा दिला आणि त्यावर इतरांनीं लिहिलें. परंतु हा शाळेंतील फळा नव्हे. कोणता मजकूर किती लोकांपुढें न्यावयाचा हें कंपनीचें यंत्र ठरवितें, आणि ज्यानें लोक खवळतात तो मजकूर अधिक दूर जातो. म्हणून हँबर्गचा तिसरा प्रश्न येथेंही विचारावा लागतो, आणि त्याच्या जोडीला ड्रोझिनला सोडतांना विचारलेला दुसरा: थांबविणें कोणाच्या हातीं होतें?

माझ्या विद्यार्थ्यास मीं नंतर पत्र लिहिलें. त्यांत युक्तिवाद कांहीं केला नाहीं. टोफ कंपनीचें २ मार्च १९४३ चें पत्र, जेवढें मला साधलें तेवढें, मराठींत उतरून सोबत घातलें. त्याचें उत्तर आलें आहे. तो विचारतो कीं, ज्या पांच कारखान्यांकडे चौकशी झाली, त्यांपैकीं तिघांनीं नकार दिला तो कशासाठीं? माल नव्हता म्हणून, कीं द्यावयाचा नव्हता म्हणून? पत्रांत तें लिहिलेलें नाहीं.